वैमानिक संप का करतात?

वैमानिकांच्या संपाची बातमी आली, की लोकलच्या डब्यात एक उद्गार हमखास ऐकू येतो, "लाखांत पगार घेणाऱ्यांना संप कसला सुचतो!" उद्गार स्वाभाविक आहे. विमानतळावर रात्र काढलेल्या प्रवाशाला वैमानिकाविषयी माया वाटावी, असे कोणीच म्हणणार नाही. परंतु घोरावाडी-तळेगावच्या परिसरात एकाच घरातला थोरला कारखान्यात 'कायम' असतो आणि धाकटा तशाच कामावर 'कंत्राटी'. तेथील माणसाला हे भांडण समजावयास जड जाऊ नये.

जुनी विमानकंपनी स्वस्त तिकिटांच्या स्पर्धेत मागे पडू लागली, की ती एक उपकंपनी काढते. मालक तोच, नाव, रंग आणि नोकरीच्या अटी मात्र वेगळ्या. आता इंधन काही उपकंपनीला निराळ्या भावाने मिळत नाही. मग काटकसर होते कोठे? खुर्च्या दाटीने बसवल्या जातात, जेवण बंद होते, विमान जमिनीवर कमी वेळ थांबते. यात गैर काही नाही. पण एवढ्याने भागत नाही, आणि मग हात जातो तो माणसांच्या वेतनाकडे.

आपल्याकडे इंडियन एअरलाइन्सने १९९६ मध्ये 'अलायन्स एअर' काढली. एअर इंडियाच्या 'एअर इंडिया एक्सप्रेस'चे पहिले विमान २९ एप्रिल २००५ रोजी तिरुवनंतपुरमहून अबू धाबीला गेले. आखातात राबणाऱ्या माणसाला परवडेल असे भाडे हा हेतू होता, आणि तो चांगलाच होता. मात्र या दोन्ही ठिकाणी वैमानिक घेतले गेले ते प्रामुख्याने मुदतीच्या कंत्राटावर.

मूळ कंपनीतील वैमानिकाने यात भ्यावे असे काय आहे? पगार हे उत्तर अर्धेच आहे. वैमानिकाचे सारे आयुष्य ज्येष्ठतेच्या यादीवर चालते. सहवैमानिकाचा कॅप्टन केव्हा होणार, मोठे विमान केव्हा मिळणार, हे त्या यादीतील क्रमांकावर ठरते. कंपनी बदलली तर बहुधा पुन्हा तळापासून आरंभ. म्हणून एखादा मार्ग किंवा नवी विमाने उपकंपनीकडे गेली, की मूळ कंपनीत कोणाचा पगार कापला नाही तरी बढती मागे पडते. २०१४ च्या सप्टेंबरात एअर फ्रान्सचे वैमानिक दोन आठवडे संपावर गेले, ते 'ट्रान्साव्हिया' या स्वस्त उपकंपनीच्या विस्तारावरूनच.

पगाराचीही एक गोम आहे. वेतनाचा मोठा भाग उड्डाणाच्या तासांवर अवलंबून असतो. म्हणून महिन्याला किमान किती तासांचे पैसे हमखास मिळणार, हा आकडा कळीचा ठरतो. २०२४ मध्ये एअर इंडियात विलीन होऊ घातलेल्या 'विस्तारा'च्या वैमानिकांपुढे नवा करार आला, तेव्हा हमीचे तास ७० वरून ४० वर आले होते. एप्रिलच्या आरंभी अनेक वैमानिक आजारी पडले, आणि उड्डाणे धडाधड रद्द झाली! 'विस्तारा' ही काही स्वस्त कंपनी नव्हती. पण दोन घरांचे एक घर होताना दर खालच्या बाजूला जुळवला जातो, हे तेथेही दिसले.

वैमानिकांच्या संघटनांचेही कौतुक करावे असे सारेच नाही. २००७ मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एक झाल्या. अटी मात्र दोन राहिल्या. २०११ मध्ये इंडियन एअरलाइन्सकडील वैमानिकांनी समान वेतनासाठी दहा दिवस संप केला. पुढच्याच वर्षी एअर इंडियाकडील वैमानिकांनी नवी ड्रीमलायनर विमाने चालवण्याचे प्रशिक्षण त्या दुसऱ्या वैमानिकांना देण्यास विरोध केला आणि ५८ दिवस काम थांबवले. म्हणजे व्यवस्थापनाशी लढण्याचे बळ शेजारच्या खुर्चीवरील माणसाशी लढण्यात गेले. उपकंपनीतील कंत्राटी वैमानिक तर या दोन्ही भांडणांच्या बाहेरच उभा होता.

प्रवाशाचा यात काय संबंध, हे दोन चौकशी अहवालांत पाहावे. २२ मे २०१० रोजी दुबईहून आलेले एअर इंडिया एक्सप्रेसचे विमान मंगळूरला दरीत कोसळले आणि १५८ माणसे गेली. एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखालील चौकशीने मुख्य दोष कॅप्टनच्या उतरण्याच्या निर्णयाला दिला. तो परदेशातून कंत्राटावर आलेला होता, आणि रात्रीच्या त्या प्रवासात दीड तासाहून अधिक वेळ झोपलेला होता, हे ध्वनिमुद्रणावरून निघाले. ७ ऑगस्ट २०२० रोजी त्याच कंपनीचे विमान भर पावसात कोळिकोडला घसरले. मूळचे नागपूरचे कॅप्टन दीपक साठे आणि त्यांचे सहवैमानिक यांच्यासह २१ जण गेले. तेथेही उतरण्याची ठरलेली पद्धत पाळली गेली नाही, हेच संभाव्य कारण म्हणून नोंदले आहे. कमी पगाराने अपघात झाले, असे हे अहवाल म्हणत नाहीत, मीही म्हणत नाही. पण कोळिकोडचा अहवाल कंपनीच्या मनुष्यबळ धोरणावरही बोट ठेवतो. त्या तळावर २६ सहवैमानिक नेमलेले होते आणि कॅप्टन एक. दुसऱ्या दिवशी सकाळचे उड्डाणही साठे यांनाच न्यावयाचे होते, आणि म्हणून कोळिकोडलाच उतरण्याची ओढ त्यांच्या मनावर होती, असे अहवालात म्हटले आहे.