कौलारू घराचं छप्पर बदलायला किती दिवस लागतात?

मागच्या वेळी आपण जांभ्याच्या भिंतींबद्दल बोललो, आज भिंतींच्या वर चढू या. कोकणातल्या जुन्या कौलारू घराचं छप्पर बदलायचं, तर किती दिवस लागतात आणि त्या दिवसांत काय काय समोर येतं, हा आजचा विषय. हे ऐकणाऱ्यांपैकी पुष्कळ जण मुंबई-पुण्यात राहतात आणि घर गावाला आहे. त्यामुळे सगळ्यांचा प्रश्न साधारण एकच असतो: "मे महिन्यात पंधरा दिवस रजा काढतो, तेवढ्यात होईल ना?"

उत्तर आधीच सांगून टाकतो. पूर्ण छप्पर असेल, तर नाही होणार. आणि मेमध्ये उघडलेलं घर पावसाआधी झाकलं गेलं नाही, तर नुकसान छपरावर थांबत नाही, ते भिंतींपर्यंत जातं. म्हणून आज दिवस कसे मोजायचे तेवढं नीट समजून घेऊ.

आधी ठरवा, काम कोणतं आहे

"छप्पर बदलायचंय" असं आपण म्हणतो, पण त्यात तीन वेगवेगळी कामं दडलेली असतात.

पहिलं काम शाकारणीचं. कौलं उतरवायची, झाडायची, फुटलेली बदलायची आणि पुन्हा चढवायची. खालच्या लाकडाला हात लावायचा नाही. पूर्वी नळ्यांची घरं दरवर्षी पावसाआधी अशी शाकारली जायची. मंगलोरी कौलं आल्यावर हे काम कमी झालं. बाझल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला 1865 साली. हे कौल एकमेकांत अडकून बसतं, वाऱ्याने किंवा माकडाने सहज सरकत नाही, म्हणून ते किनाऱ्याने वर वर पसरत गेलं. 1200 चौरस फुटांच्या घराची शाकारणी चार-सहा दिवसांत होते.

दुसरं काम रिपा बदलण्याचं. वासे धड आहेत, पण त्यांवरच्या रिपा वाळवीने खाल्ल्यात किंवा वाकल्यात. याला आठ ते दहा दिवस धरा.

तिसरं काम म्हणजे आढे, वासे, रिपा सगळंच नवं. याला घर उघडल्यापासून झाकेपर्यंत चार ते सहा आठवडे लागतात. आज आपण मुख्यतः या तिसऱ्या कामाबद्दल बोलतोय.

यातलं कोणतं काम आपल्या वाट्याला आहे, हे अंगणात उभं राहून कळत नाही. माळ्यावर चढून, टॉर्च घेऊन, प्रत्येक वासा टोचून बघावा लागतो. जाड टोच्या किंवा स्क्रूड्रायव्हर घ्या. तो लाकडात सहज घुसला, की तो वासा गेला असं समजा. वासा बहुतेक वेळा दोन ठिकाणी कुजतो: भिंतीवर टेकतो तिथे आणि वळचणीच्या टोकाला. मधला भाग ठणठणीत दिसतो आणि आपण फसतो.

कौलांचा हिशोब

आता थोडं गणित, कंटाळू नका. घर 1200 चौरस फुटांचं असलं, तरी छप्पर भिंतींच्या बाहेर येतं. वळचण धरून जमिनीवरचं माप झालं समजा 1450. शिवाय छप्पर उतरतं असतं. उतार 30 अंशांच्या आसपास असेल, तर हे माप साधारण 1.15 ने गुणायचं. झाले जवळपास 1650 चौरस फूट. मंगलोरी कौल 100 चौरस फुटांना 130 ते 150 लागतं. म्हणजे सुमारे 2300 कौलं, फुटतूट धरून 2450.

एक कौल अंदाजे अडीच किलो. म्हणजे तुमच्या डोक्यावर पावणेसहा टन वजन आहे. कौल पाणी शोषतं, त्यामुळे भर पावसात हेच वजन टनभराने वाढू शकतं. म्हणून "वासे जरा बारीक घेऊ, पैसे वाचतील" असं कुणी म्हणालं, तर हा आकडा समोर ठेवा.

नवं कौल घेताना दोन गोष्टी करा. बोटाच्या पेराने वाजवून बघा. आवाज खणखणीत यायला हवा, बद्द आला तर भाजणी कच्ची किंवा आत तडा. दुसरं, कोरडं कौल वजन करून 24 तास पाण्यात बुडवा आणि पुन्हा वजन करा. वजन पाचव्या हिश्श्याहून जास्त वाढलं, तर ते कौल नको.

आणि महत्त्वाचं म्हणजे वेगवेगळ्या कारखान्यांची कौलं एकमेकांत बसत नाहीत. खाचा अर्ध्या-पाव इंचाने चुकतात आणि तिथेच गळतं. मंगळूरकडचे अनेक जुने कारखाने बंद झालेत, त्यामुळे तुमच्या कौलावर ज्याचा छाप आहे तो कारखाना आज असेलच असं नाही. जुनी चांगली कौलं एका पाख्यावर आणि नवी दुसऱ्या पाख्यावर, अशी विभागणी केली की प्रश्न सुटतो. रिपांचं अंतरही पुस्तकातून घेऊ नका. जे कौल लावायचंय ते सुताराच्या हातात द्या, त्यावरून त्याला अंतर ठरवू द्या. म्हणजेच कौलं रिपा ठोकायच्या आधी अंगणात येऊन पडलेली हवीत.

घर उघडल्यानंतरचे दिवस

आता क्रमाने जाऊ.

कौलं उतरवायला एक ते दोन दिवस. दोन्ही पाख्यांवरून सारखी उतरवायची. एकच बाजू पूर्ण मोकळी केली, तर सगळा भार दुसऱ्या बाजूला जातो आणि आढं कलतं. उतरवलेली कौलं घासणं आणि निवडणं हे काम बाजूला चालू राहतं.

वासे आणि आढं उतरवायला आणखी दोन दिवस. इथे तयारी ठेवा: पन्नास वर्षांची काजळी, धूळ, उंदरांची बिळं, वटवाघळं, कधी धामण. घरात दम्याचं माणूस असेल तर त्याला हे तीन-चार दिवस दुसरीकडे पाठवा. महावितरणची वायर वळचणीला किंवा वाशाला बांधलेली असेल, तर ती आधी रीतसर सोडवून घ्या. स्वतः हात लावू नका.

मग खरा प्रश्न दिसतो: भिंतीचा माथा. छप्पर असेपर्यंत तो झाकलेला होता. उघडल्यावर कळतं, की वरचे दोन थर चिरे सुटलेत, मधली माती वाहून गेलीय. या माथ्यावर नवे वासे ठेवून चालत नाही. चिरे पुन्हा बसवायचे आणि वरून काँक्रीटचा पट्टा घ्यायचा. याला चार-पाच दिवस. त्यानंतर काँक्रीटला पाणी मारायचं: साधं सिमेंट असेल तर किमान 7 दिवस, पीपीसी असेल तर 10 दिवस. या दिवसांत वर कुणी काम करताना दिसत नाही. मुंबईहून फोन येतो, "काम बंद का आहे?" काम बंद नाही, काँक्रीट पिकतंय. त्या काळात सुतार खाली अंगणात वासे तासतो, म्हणजे वेळ वाया जात नाही.

लाकूडकाम आठ ते पंधरा दिवस. लोखंडी चौकट केली तर पाच ते सात. कौलं चढवायला तीन-चार दिवस, वळचणीकडून आढ्याकडे आणि पुन्हा दोन्ही पाख्यांवर सारखी. माथ्यावरचे कोने मसाल्यात बसवायचे आणि त्यांनाही पाणी मारायचं, दोन-तीन दिवस. कौलाच्या मागे तार ओवायला भोक असतं. वळचणीच्या आणि आढ्याजवळच्या ओळी तारेने बांधून घ्या. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि पुढच्या मेमध्ये तौक्ते किनाऱ्याजवळून गेलं. दोन्ही वेळा कौलं आणि पत्रे उडाले. तार बांधायला अर्धा दिवस लागतो, तो वाचवू नका.

उघडण्याआधीचे महिने

हे झाले घर उघडल्यानंतरचे दिवस. मात्र सगळ्यात जास्त वेळ जातो तो त्याआधी.

एक, लाकूड. ओला वासा लावला की सुकताना पिळतो आणि कौलं उचलली जातात. हवेवर सुकणाऱ्या कठीण लाकडाला इंचभर जाडीला वर्ष, असा सुतारांचा ढोबळ हिशोब आहे. म्हणजे लाकूड सुकलेलं विकत घ्यायचं, नाहीतर फार आधी कापून ठेवायचं. आपल्याच आवारातला साग असला, तरी तो तोडायला परवानगी लागते. तो अर्ज आधीच करा.

दोन, भाऊबंद. यावर कुणी मोकळेपणाने बोलत नाही, पण कामं इथेच अडकतात. घरपट्टीच्या उताऱ्यावर चार नावं असतात. दोघे मुंबईला, एक बडोद्याला, गावात राहतात फक्त काकी. छप्पर उघडल्यावर एखादा म्हणतो, "मला विचारलं नाही." तेव्हा काम थांबलं, तर उघड्या घरात काकी बसलेल्या असतात. म्हणून कोण किती देणार, जुनं लाकूड कुणाचं, हे साध्या कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. काकींचीही सही घ्या, आणि त्यांना आधी विचारा. रोज त्या छपराखाली झोपणाऱ्या त्याच आहेत.

तीन, माणसं. मार्चमध्ये शिमगा. पालखी घराघरांत फिरत असते, तेव्हा सुतार कामावर येणार नाही, आणि येऊही नये. त्यानंतर काजू आणि आंब्याचा हंगाम, मजूर बागांमध्ये. मेमध्ये सगळे चाकरमानी एकदम गावात, प्रत्येकाला तोच सुतार हवा. दक्षिण कोकणात पाऊस जूनच्या पहिल्या आठवड्यात धरतो, वळवाची सर मेमध्येच येते.

आता उलटं मोजा. सहा आठवडे सलग हवेत, शिमग्याच्या आधी संपायला हवेत. मग काम सुरू होतं जानेवारीच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात. लाकूड आणि कौलं त्याआधी अंगणात हवीत, म्हणजे ऑर्डर दसरा-दिवाळीला. आणि निर्णय गणपतीत. गणपतीत सगळे भाऊबंद घरात असतात, बाहेर पाऊस असतो, कुठे गळतंय ते सगळ्यांना दिसतं. तेव्हाच माळ्यावर चढून खडूने खुणा करा. डाग दिसतो तिथेच गळत असेल असं मात्र नाही. पाणी वाशावरून खाली वाहत येतं, म्हणून खुणेपासून वरच्या बाजूला शोधा.

थोडक्यात: गणपतीत ठरवा, जानेवारीत उघडा, शिमग्याआधी झाका.

पैशांबद्दल दोन शब्द

उक्तं काम दिलं, तर हप्ते टप्प्यांना बांधा: चौकट उभी राहिली, कौलं चढली, कोने बसले. दहा टक्के रक्कम पहिला मोठा पाऊस पडून जाईपर्यंत हातात ठेवा आणि हे सुरुवातीलाच सांगा, म्हणजे नंतर वाद नाही. भिंतीच्या माथ्यासाठी वेगळे पैसे बाजूला ठेवा. तो खर्च उघडल्याशिवाय कुणालाही नेमका सांगता येत नाही. जो सांगतो, त्याला आणखी चार प्रश्न विचारा.

श्रोत्यांचे प्रश्न

*सरळ पत्रे टाकले तर वेळ वाचेल का?*
वाचेल. लोखंडी चौकटीवर पत्रे आठ-दहा दिवसांत होतात, माथा धड असेल तर. पण दुपारी घर तापतं, पावसात बोललेलं ऐकू येत नाही आणि हलका पत्रा वाऱ्यात उचलला जातो. खाऱ्या हवेत लोखंडाला वेळच्या वेळी रंगही हवा. जुने सिमेंटचे पत्रे काढायचे असतील, तर ते फोडू नका. त्यांत ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओले करून, अख्खे उतरवा.

*अर्धं यंदा, अर्धं पुढच्या वर्षी असं चालेल?*
पडवीचं छप्पर मुख्य घरापासून सुटं असेल तर जरूर चालेल. पडवी यंदा करा, त्यातून सुताराचा हातही कळतो. मुख्य घराचं आढं मात्र अर्धं करता येत नाही. तिथे दोन्ही पाखे एकदमच उघडावे लागतात.

*आई घर सोडायला तयार नाही. राहून काम होईल?*
पडवी आधी झाली असेल तर होईल. चूल आणि देव पडवीत हलवा, माजघर मोकळं करा. वासे उतरवण्याच्या दिवशी मात्र आत कुणीही नको. आणि त्यांच्या खाटेवर उजेड पडेल असं एक काचेचं कौल नव्या छपरात बसवून घ्या. फार खर्च नाही, आणि अंधाऱ्या माजघरात त्यांना रोज उपयोगी पडेल.

पुढच्या वेळी पन्हळी, पागोळ्या आणि भिंतीच्या पायाशी साचणारं पाणी, यांबद्दल बोलू.