कुलूपबंद वाळू

१९५१ सालच्या पूर्वार्धात भारताला गहू द्यावा की नाही, यावर अमेरिकी काँग्रेसमध्ये वाद चालला होता. भारतात पावसाने दगा दिला होता, शिधापत्रिकेवरचे धान्य कमी करावे लागले होते आणि अध्यक्ष ट्रूमन यांनी फेब्रुवारीत वीस लाख टन धान्याची शिफारस केली होती. चर्चा गव्हावरून बघता बघता वाळूवर घसरली. भारताने मोनाझाइट या वाळूतल्या खनिजाच्या निर्यातीवर बंदी घातली आहे, गहू हवा असेल तर ती उठवावी, असा आग्रह काही सदस्यांनी धरला. राजकीय अटींसह मदत स्वीकारणार नाही, असे नेहरूंनी जाहीरपणे सांगितले. जूनमध्ये कायदा झाला तो १९ कोटी डॉलरच्या कर्जाचा. अमेरिकेला लागणारी सामग्री परतफेडीत घेता यावी अशी सोय त्यात होती, पण मोनाझाइटची बंदी उठवण्याची थेट अट नव्हती.

तेव्हा हा भारताचा विजय मानला गेला आणि स्वाभिमानाच्या हिशेबात तो होताही. पण पाऊण शतकानंतर, २०२५ च्या उन्हाळ्यात, त्याच वाळूत सापडणाऱ्या धातूंच्या लहानशा चुंबकांसाठी पुण्याच्या परिसरातले वाहनउद्योग चिनी परवान्यांची वाट पाहत बसले. ज्या देशाने पोटाला चिमटा बसत असतानाही हे खनिज द्यायला नकार दिला, त्यालाच त्याच्या पक्क्या मालासाठी ताटकळावे लागले. हा दैवदुर्विलास नव्हता. मोनाझाइटकडे आपण केवळ सुरक्षेच्या नजरेने पाहिले, व्यापारी माल म्हणून पाहिलेच नाही, आणि त्यामुळे अखेर सुरक्षेतही कमी पडलो, असे माझे म्हणणे आहे.

या वाळूची गोष्ट काथ्यापासून सुरू होते. त्रावणकोरहून युरोपात जाणाऱ्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत शॉमबर्ग नावाच्या जर्मन रसायनतज्ज्ञाला १९०९ च्या सुमारास मोनाझाइट आढळले. तो काळ गॅसबत्तीचा होता. बत्तीच्या जाळीला, म्हणजे मँटलला, थोरियम ऑक्साइड लागे आणि केरळच्या मोनाझाइटमध्ये थोरियमचे प्रमाण भरपूर. पहिले महायुद्ध पेटताच इंग्रजांनी जर्मनांचा हा धंदा आपल्याकडे ओढून घेतला. म्हणजे शत्रूच्या हाती जाऊ नये असा माल ही या वाळूची ओळख अणुबॉम्बच्या तीस वर्षे आधीची आहे. पुढे विजेचे दिवे आले, मँटलची मागणी आटली आणि थोरियमचे महत्त्वही ओसरू लागले.

हिरोशिमानंतर ते एकदम परत आले. थोरियमपासून विखंडनक्षम युरेनियम तयार करता येते हे शास्त्रज्ञांना ठाऊक होते आणि जगातल्या मोठ्या साठ्यांपैकी एक त्रावणकोरच्या किनाऱ्यावर पडून होता. १९४६ मध्ये निर्यातबंदी आली. संस्थानाचे दिवाण सर सी. पी. रामस्वामी अय्यर यांनी १९४७ च्या जूनमध्ये स्वतंत्र त्रावणकोरची घोषणा केली, तेव्हा त्यांच्या हातातला हुकमी पत्ता हीच वाळू होती. ते स्वातंत्र्य काही आठवड्यांतच मिटले, पण दिल्लीच्या मनात मोनाझाइट आणि सार्वभौमत्व यांची गाठ पक्की बसली. १९४८ मध्ये अणुऊर्जा कायदा झाला, होमी भाभांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला आणि १९५० मध्ये 'इंडियन रेअर अर्थ्‌स' ही सरकारी कंपनी स्थापन झाली. फ्रेंच तंत्रज्ञांच्या साह्याने अलुवा येथे उभारलेल्या तिच्या कारखान्याचे उद्घाटन नेहरूंनी १९५२ च्या डिसेंबरात केले. तुर्भ्याचा थोरियम कारखाना १९५५ चा. याच सुमारास, १९५३ मध्ये, आणखी एक चकमक झडली. सुमारे एक टन भारतीय थोरियम नायट्रेट पोलंडच्या जहाजातून चीनकडे निघाल्याचे अमेरिकेला कळले. साम्यवादी गटाला असा माल देणाऱ्या देशाची मदत तोडावी, असा तिचा नवा कायदा होता. भारत वाकला नाही. शेवटी हे रसायन भारताकडून अमेरिकेनेच विकत घ्यावे, अशी तडजोड निघाली. ज्या चीनला हा माल हवा होता, त्याचे पुढे काय झाले, ते सांगायचेच आहे.

इथपर्यंतची भारताची चाल चोख होती. कच्ची वाळू न विकता तिच्यावर घरी प्रक्रिया करायची, हा भाभांचा विचार त्या काळातल्या कोणत्याही नवस्वतंत्र देशाच्या पुढचा होता. चूक पुढची. मोनाझाइटमध्ये थोरियम साधारण आठ-नऊ टक्के असते. त्यातली निम्म्याहून अधिक ऑक्साइडे सिरियम, लँथॅनम, निओडिमियम, प्रासिओडिमियम यांची, म्हणजे दुर्मिळ मृदा धातूंची. थोरियम हा भाभांच्या त्रिस्तरीय अणुकार्यक्रमाचा पाया, म्हणून तो साठवायचा. बाकीचे धातू मात्र जोडउत्पादन ठरले: क्लोराइडाच्या रूपात विकावे आणि हिशेब मिटवावा. त्यांच्यापासून धातू, मिश्रधातू, चुंबक आणि मोटर इथपर्यंत जाणारी साखळी उभी करणे हे कोणाचेच काम नव्हते. अणुऊर्जा खात्याला गरज नव्हती आणि खासगी उद्योगाला परवानगी नव्हती. थोरियमवर चालणारी व्यापारी वीजभट्टी अजून यायची आहे. तिच्या प्रतीक्षेत बाकीचा मालही त्याच कुलपात राहिला.

नेमक्या याच काळात त्या जोडउत्पादनाचे भाग्य उजळले. १९८० च्या दशकाच्या आरंभी जपानचे मासातो सागावा आणि अमेरिकेची जनरल मोटर्स यांनी स्वतंत्रपणे निओडिमियम, लोह आणि बोरॉन यांचे चुंबक शोधले. संगणकाच्या डिस्कपासून विजेच्या स्कूटरपर्यंत आणि पवनचक्कीपासून क्षेपणास्त्राच्या पंखांना वळवणाऱ्या यंत्रणेपर्यंत, कमी वजनात जास्त जोर हवा तिथे हे चुंबक लागते. एका एफ-३५ लढाऊ विमानात चारशे किलोहून जास्त दुर्मिळ मृदा धातू असतात, असे अमेरिकी संसदेसाठीचे अहवाल सांगतात. अमेरिकेकडे तेव्हा कॅलिफोर्नियातली माउंटन पास ही खाण होती आणि चुंबकाचे तंत्रही. जनरल मोटर्सने आपली मॅग्नेक्वेंच कंपनी १९९५ मध्ये विकली. खरेदीदारांत चिनी कंपन्या होत्या आणि काही वर्षांत कारखाना इंडियानातून चीनला गेला. माउंटन पास २००२ मध्ये बंद पडली. बाजाराच्या तर्कशास्त्राने पाहिले तर यात काहीच गैर नव्हते, माल स्वस्त मिळत होता.

चीनची बाजू केवळ स्वस्त मजुरीवर किंवा नदीत सोडलेल्या आम्लावर उभी आहे, असे म्हणणे सोयीचे आहे. पर्यावरणाची किंमत त्याने मोजली हे खरेच. च्यांगशी प्रांतातले डोंगर आणि विहिरी त्याची साक्ष देतात. पण पेकिंग विद्यापीठाचे शू क्वांगश्येन यांनी १९७० च्या दशकात हे जुळ्यासारखे धातू एकमेकांपासून वेगळे करण्याचे गणित बसवले आणि ते कारखान्यांना शिकवले, हेही तितकेच खरे. १९५३ मध्ये एक टन थोरियम नायट्रेटसाठी भारताच्या दारात आलेला देश २०२४ मध्ये जगाच्या सुमारे ३,९०,००० टन उत्पादनापैकी २,७०,००० टन काढत होता. शुद्धीकरणात आणि चुंबकात त्याचा वाटा नव्वद टक्क्यांच्या आसपास. भारताचे उत्पादन सुमारे २,९०० टन, तेही साठ्यात जगात तिसरा क्रमांक असताना.

सप्टेंबर २०१० मध्ये सेंकाकू बेटांजवळ चिनी मासेमारी नौका जपानी गस्ती जहाजांवर आदळली, कप्तानाला अटक झाली आणि काही दिवसांत चीनकडून जपानला जाणारा हा माल अडला. जपानचे उत्तर अभ्यासण्याजोगे आहे. त्याने जागतिक व्यापार संघटनेत अमेरिका आणि युरोपसह दावा लावला, तो २०१४ मध्ये जिंकलाही. पण निकालावर विसंबून तो थांबला नाही. सरकारी संस्था आणि सोजित्झ ही व्यापारी कंपनी यांनी २०११ मध्येच ऑस्ट्रेलियाच्या लायनस कंपनीत २५ कोटी डॉलर गुंतवले. दर कोसळून लायनस बुडायला आली तेव्हाही जपानने तिचे कर्ज लांबवले. पर्यायी चुंबके शोधली, साठे केले, भारताशी २०१२ मध्ये करार केला. चीनवरचे त्याचे अवलंबित्व नव्वदीवरून साठ टक्क्यांच्या घरात आले. पूर्ण सुटका झाली नाही, पण नस दाबताच गुडघे टेकावेत अशी स्थिती उरली नाही.

४ एप्रिल २०२५ रोजी, ट्रम्प यांच्या आयातशुल्काला उत्तर म्हणून, चीनने डिस्प्रोशियम आणि टर्बियमसह सात धातूंच्या आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीला परवाना सक्तीचा केला. ही बंदी नव्हती, कागदपत्रांची चाळणी होती आणि म्हणूनच ती अधिक परिणामकारक ठरली. फोर्डचा शिकागोतला कारखाना काही दिवस थांबला, सुझुकीने जपानमध्ये स्विफ्टचे काम रोखले, ऑगस्टमध्ये चेतक स्कूटरचे उत्पादन शून्यावर येऊ शकते असा इशारा बजाज ऑटोने दिला. जुलैत अमेरिकेच्या संरक्षण खात्याने माउंटन पासच्या नव्या मालक कंपनीत ४० कोटी डॉलर घातले आणि किलोला ११० डॉलरचा किमान दर दहा वर्षांसाठी बांधून दिला. मुक्त बाजाराचे धडे जगाला देणाऱ्या देशाने हमीभाव द्यावा, आणि तोही धातूला! विदर्भातल्या कापूस उत्पादकाला हे वाचून हसू आले असेल.

इथे एक आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा. 'राष्ट्रीय सुरक्षा' म्हटले की कोणतेही संरक्षण खपते. २०१८ मध्ये अमेरिकेने याच कारणाखाली कॅनडाच्या पोलादावर शुल्क लावले. कॅनडापासून अमेरिकेला धोका आहे, असे शुल्क लावणाऱ्यांनाही वाटत नसावे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये आपण लॅपटॉपच्या आयातीला परवान्याची सक्ती जाहीर केली आणि ओरड होताच ती सैल केली. या चिलखताआड अकार्यक्षम कारखानदार सुखाने झोपतात आणि भुर्दंड ग्राहक भरतो, हे खोटे नाही. म्हणून कसोटी कडक हवी: पुरवठा एकाच हाती आहे का, पर्याय उभा करायला वर्षे लागतील का, आणि माल थांबला तर त्याच्या किमतीच्या कित्येक पट नुकसान होईल का. पोलाद आणि लॅपटॉप या कसोटीवर सहज नापास होतात. चुंबक तिन्ही प्रश्नांत उत्तीर्ण होते.

दुसरा आक्षेप अणुऊर्जेच्या बाजूचा. मोनाझाइट खुले केले तर थोरियम चोरीला जाईल आणि किनारे पोखरले जातील. तमिळनाडूत बेकायदा उपशाच्या तक्रारींवरून २०१३ मध्ये वाळूच्या खाणी बंद कराव्या लागल्या. तेव्हा ही भीती कल्पनेतली नाही. केंद्रानेही २०१८-१९ मध्ये या खनिजांचा व्यापार आणि खाणकाम सरकारी कंपन्यांपुरते आखडते घेतले. पण थोरियम प्रक्रियेच्या पहिल्याच टप्प्यात वेगळे काढता येते. तेवढा टप्पा अणुऊर्जा खात्याने स्वतःकडे ठेवावा. निओडिमियमला पहारा कशासाठी? किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचा प्रश्न मात्र याहून अवघड आहे. केरळातल्या चवऱ्याला किनाऱ्याची धूप आणि खाण यांचे नाते लोकांनी डोळ्यांनी पाहिले आहे. तो प्रश्न गुप्ततेने सुटत नाही, उलट चिघळतो.

तिसरे म्हणणे सरळ देशप्रेमाचे: आपले खनिज आपल्यालाच. २०२५ च्या जूनमध्ये जपानबरोबरचा करार स्थगित करून माल घरी ठेवायला सरकारने इंडियन रेअर अर्थ्‌सला सांगितल्याच्या बातम्या आल्या. १९४६ च्याच प्रतिक्रियेची ही आवृत्ती आहे. चुंबक बनवण्याची क्षमता तयार होण्याआधी गिऱ्हाईक तोडले तर ऑक्साइड गोदामात पडून राहते, आणि ज्या मित्राकडून चुंबकाचे तंत्र मिळण्याची सर्वाधिक शक्यता, तोच दुखावतो.

२६ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. वर्षाला ६,००० टन चुंबके देशात बनवण्याचे तिचे लक्ष्य आहे. दिशा योग्य, पण हिशेब तपासावा लागेल. अशा चुंबकात वजनाच्या सुमारे तीस टक्के निओडिमियम-प्रासिओडिमियम असते, म्हणजे ६,००० टनांना साधारण १,८०० टन धातू हवा. आपल्या २,९०० टनांच्या एकूण उत्पादनात या दोघांचा वाटा पाचव्या हिश्श्याच्या आसपास, म्हणजे सहाशे टन. उष्णता सोसण्यासाठी लागणारे डिस्प्रोशियम भारतीय मोनाझाइटमध्ये नगण्य आहे, ते कुठून तरी आणावेच लागेल. खाणीचे उत्पादन तिपटीने वाढले नाही आणि ऑस्ट्रेलिया-जपानशी दीर्घ मुदतीचे करार झाले नाहीत, तर सरकारी अनुदानाने उभे राहिलेले हे कारखाने चिनी कच्च्या मालावर चालतील.

म्हणून संसदेने अणुऊर्जा खात्याला दरवर्षी विचारावे: किती मोनाझाइट काढले, त्यातून किती निओडिमियम निघाले, ते कोणत्या भारतीय कारखान्यात गेले आणि किती पडून राहिले. थोरियमचा आकडा गुप्त ठेवायला हरकत नाही. बाकीचे आकडे छापले पाहिजेत.