बांधावरचे भांडण आणि बाकावरची मैत्री

मध्य रेल्वेच्या कल्याण-कसारा मार्गावर टिटवाळा सोडले की पुढचे स्टेशन खडवली. जवळूनच भातसा नदी वाहते. मुंबईची मंडळी सुट्टीच्या दिवशी येतात, नदीवर बसतात आणि संध्याकाळच्या गाडीने परत जातात. त्यांना नदी दिसते, झाडी दिसते. आम्हां गावच्या माणसांना मात्र आधी दिसतो तो बांध. माझे बालपण या बांधांवरून शाळेत जाण्यात गेले. आज मला बांधाविषयीच बोलायचे आहे. शेतीच्या अंगाने थोडे आणि मुलांच्या अंगाने जास्त.

भातशेतीतला बांध म्हणजे नुसती हद्द नव्हे. खाचरात पाणी धरून ठेवणारी ती भिंत असते. वरच्या खाचरातले जादा पाणी खालच्यात उतरावे म्हणून तिला वाट ठेवावी लागते. दरवर्षी लावणीच्या आधी बांध लिंपायचा, कडेचे गवत खणून काढायचे. या खणण्यात फावडे दोन बोटे पलीकडे गेले तर त्या दिवशी कोणाच्या लक्षात येत नाही. पण दर वर्षी दोन बोटे म्हणजे दहा वर्षांत जवळजवळ हातभर. यालाच आपण बांध कोरणे म्हणतो.

आता याचा हिशेब करून पाहू. बांधाची लांबी चाळीस मीटर धरा आणि कोरलेली रुंदी चाळीस सेंटिमीटर. जमीन झाली १६ चौरस मीटर. गुंठ्याचा सहावा हिस्सासुद्धा नाही. हेक्टरी तीस क्विंटल भात पिकतो असे धरले, तर एवढ्या जागेत पाच किलोसुद्धा भात होणार नाही. त्या पाच किलोंसाठी दोन घरे वर्षानुवर्षे एकमेकांचे तोंड पाहत नाहीत. अर्थात, भांडण भातासाठी नसतेच. आपल्याला कोणी फसवले ही बोच असते. ती बोच खोटी नाही, हे आपण आधी मान्य केले पाहिजे. प्रश्न एवढाच, की तिचा काटा मुलांच्या पायात का रुतावा?

माझीच गोष्ट सांगतो. १९९० साली मी दहा वर्षांचा होतो. आमच्या खाचराला लागून ज्यांचे खाचर, त्यांचा मुलगा आणि मी एका बाकावर बसत होतो. त्याच्या डब्यातली तांदळाची भाकरी माझी आणि माझ्या डब्यातली सुकटीची चटणी त्याची, असा आमचा करार होता. त्याच्या वडिलांना मी काका म्हणत असे.

त्या वर्षी लावणी झाली आणि चारच दिवसांनी रात्रभर पाऊस कोसळला. सकाळी पाहतो तो मधला बांध फुटलेला! आमच्या खाचरातले पाणी खाली गेले होते, बरोबर नुकती लावलेली रोपेही गेली होती. बाबा म्हणाले, "फुटला नाही, फोडला." बांध कोरण्यावरून आधीच कुरबूर होती, तिचा आता भडका उडाला. गावातली चार जाणती माणसे देवळासमोर बसली. बाबांनी मला पुढे केले. "हा पहाटे शेतावर गेला होता. याने पाहिलंय. सांग रे."

मी काय पाहिले होते? काका खांद्यावर फावडे टाकून बांधावर उभे होते, एवढेच. पावसाच्या दिवसांत फावडे घेऊन बांधावर कोण उभा नसतो? पण सगळे माझ्याकडे पाहत होते, आणि बाबाही. मी म्हणालो, "होय. काका बांधावर फावडं मारत होते."

पंचांनी निवाडा दिला, की काकांनी आमची लावणी पुन्हा करून द्यावी. त्यांनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी ते आपल्या रोपांच्या जुड्या घेऊन आमच्या खाचरात उतरले. बरोबर माझा मित्रही होता. दिवसभर वाकून तो आमच्या शेतात रोपे लावत होता आणि मी घराच्या ओटीवर बसून होतो. त्याच्या पुढच्या दिवशी शाळेत त्याने आपले दप्तर उचलले आणि मागच्या बाकावर जाऊन बसला.

पुढच्या वर्षी त्याच जागी बांध पुन्हा खचला. खणून पाहिले तेव्हा आत चिंबोऱ्यांची बिळे निघाली. चिंबोऱ्या बांध पोखरतात हे आपल्याकडे कोणाला ठाऊक नाही? पण आदल्या वर्षी कोणी खणून पाहिले नव्हते. सापडला होता तो साक्षीदार, आणि तो होता दहा वर्षांचा.

मोठ्यांच्या भांडणात मुलाला तीन कामे दिली जातात. पहिले काम हेराचे : "त्यांच्या घरी काय बोलणं चाललंय, ऐकून ये." दुसरे शिपायाचे : "त्याच्याशी बोललास तर घरात घेणार नाही." आणि तिसरे, सर्वांत वाईट, साक्षीदाराचे. मूल आईबापांवर सर्वस्वी अवलंबून असते. त्यांना जे उत्तर हवे तेच देणे त्याला भाग पडते. म्हणजे आपण त्याला साक्ष विचारत नसतो. आपलेच म्हणणे त्याच्या तोंडून वदवून घेत असतो.

या वयातल्या मैत्रीचे मोल केवढे, हे समजून घेण्यासाठी एका अभ्यासाची मदत होईल. जाँ पियाजे हे स्वित्झर्लंडमधले मानसशास्त्रज्ञ. १९३२ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी गोट्या खेळणाऱ्या मुलांचे निरीक्षण मांडले. लहान मुलांना वाटते, की खेळाचे नियम थोरांनी घालून दिले आहेत, ते बदलता यायचे नाहीत. दहा-अकराच्या सुमारास मुलांना उमजू लागते, की नियम आपणच सर्वांच्या संमतीने ठरवतो आणि म्हणूनच ते पाळायचे असतात. हे बापाच्या धाकाने समजत नाही. बरोबरीच्या सवंगड्याशी भांडून आणि पुन्हा जुळवून समजते. गोट्यांचे रिंगण ही न्यायाची पहिली शाळा आहे. नेमक्या याच वयात आपण मुलाचा सवंगडी तोडला, तर आपली बाजू तोच न्याय, एवढेच ते शिकणार.

मग तुटलेले जोडायचे कसे? आमच्या गुरुजींनी त्याची एक वाट काढली. त्यांनी आम्हांला उपदेश केला नाही, की हातात हात देऊन "गट्टी करा" असेही म्हटले नाही. शाळेतले पाण्याचे पिंप रोज हातपंपावरून भरावे लागे. मोठी बादली, तिच्या कडीत बांबूची दांडी, आणि दोन्ही टोकांना एकेक मुलगा. हे काम त्यांनी आम्हां दोघांना लावून दिले. पहिले दोन दिवस आम्ही मुक्याने पाणी वाहिले. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "दांडी तुझ्याकडे उतरतेय. उंच धर." जवळजवळ दोन महिन्यांनी त्याने माझ्याशी उच्चारलेले ते पहिले शब्द.

गुरुजींनी जे उपजत शहाणपणाने केले, त्याला जोड देणारा एक प्रयोग अमेरिकेत १९५४ साली झाला होता. मुझफ्फर शेरीफ या मूळच्या तुर्कस्तानातल्या संशोधकाने ओक्लाहोमा राज्यात अकरा वर्षांच्या आसपासच्या बावीस मुलांचे शिबिर घेतले. मुलांचे दोन गट केले, त्यांच्यात चुरस लावली आणि पाहता पाहता वैर पेटले. नुसते एकत्र जेवायला बसवून ते विझेना. उलट मुलांनी एकमेकांवर अन्न फेकले. मग शिबिराचे पाणी बंद पडले, आणि बिघाड शोधायला दोन्ही गटांना एकत्र जावे लागले. मालमोटार अडली, आणि दोराने ओढायला सगळ्यांचेच हात लागले. अशी कामे होत गेली तसतसे वैर ओसरले. मुलांना न सांगता मुद्दाम भांडण पेटवले म्हणून या प्रयोगावर पुढे टीका झाली, आणि ती रास्त आहे. तसे कोणी पुन्हा करू नये. पण आपल्या गावात भांडण लावावे कुठे लागते? ते आयतेच असते. आपण फक्त दुहाती बादली शोधायची.

आता मोठ्यांच्या वाटेविषयी. साताबाऱ्यावर जमिनीचे क्षेत्र असते. हद्द कुठून जाते ते नकाशावरून आणि मोजणीवरून ठरते. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज केला, की मोजणी करून मिळते. पाण्याचा प्रवाह किंवा शेताची वाट कोणी अडवली, तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली तहसीलदाराकडे दाद मागता येते. मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. १५ ऑगस्ट २००७ रोजी राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, तिचा हेतू गावातला तंटा गावातच मिटावा हा होता. आणि जानेवारी २०२३ मध्ये शासनाने 'सलोखा' योजना आणली. एकाची जमीन दुसऱ्याच्या ताब्यात आणि दुसऱ्याची पहिल्याच्या ताब्यात, अशी स्थिती किमान बारा वर्षे असेल, तर अदलाबदलीच्या दस्तासाठी हजार रुपये मुद्रांक शुल्क आणि हजार रुपये नोंदणी फी, अशी सवलत तीत दिली गेली. मोजणीच्या खुणा, नकाशा, पंचनामा, दस्त हे साक्षीदार कोणाला भीत नाहीत. ते असताना मुलाला पुढे करायचे कारण काय?

आणखी एक कायदा शिक्षकांनी आवर्जून माहीत करून घ्यावा. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा २०१६ साली विधिमंडळात मंजूर झाला आणि २०१७ मध्ये अमलात आला. वाळीत टाकण्याचे जे प्रकार त्यात गुन्हा ठरवले आहेत, त्यांत समाजातल्या मुलांना एखाद्या विशिष्ट घरच्या मुलांबरोबर खेळण्यास मज्जाव करणे हाही एक आहे. दोन घरांचा अबोला म्हणजे बहिष्कार नव्हे, हे खरे. परंतु मुलांचे खेळणे तोडणे ही क्षुल्लक बाब नाही, एवढे कायद्याने ओळखले आहे.

पालकांना माझी विनंती एवढीच. भांडण झाले तर होऊ द्या. हक्क सोडा असे मी म्हणणार नाही. पण मुलाला एकदा स्पष्ट सांगा : "हे आमचं मोठ्यांचं आहे. तू खेळायला जा." आणि शेजारचे मूल दारात आले, तर त्याला नेहमीसारखे पाणी विचारा. शिक्षकांना विनंती अशी, की एखाद्या मुलाने अचानक बाक बदलला तर नुसते रागावू नका. गावात काय घडले आहे याची चौकशी करा. आणि मुलाला चारचौघांत बोलते करू नका.

आमचे पुढे काय झाले, ते सांगून संपवतो. पाण्याच्या बादलीने आमचे बोलणे सुरू झाले, पण तो माझ्या बाकावर परत आला नाही. चिंबोऱ्यांची बिळे निघाली तेव्हाही बाबा काकांकडे गेले नाहीत, आणि मीही गेलो नाही. शिकलो, नोकरीला लागलो. त्या दिवसानंतर वीस वर्षांनी एका संध्याकाळी खडवली स्टेशनवर तो भेटला. गाडीला उशीर होता. मी त्याला सगळे सांगितले. तो म्हणाला, "मला तेव्हाच ठाऊक होतं. तुझ्या बापासमोर तू दुसरं काय बोलणार होतास?" मला हायसे वाटले. पण मग थोड्या वेळाने तो म्हणाला, "एकदा माझ्या बापाला येऊन सांगायचं होतंस रे."

काकांना जाऊन तेव्हा तीन वर्षे झाली होती.

आता आमची मुले एकमेकांच्या घरी जातात. मधला बांध आम्ही दोघे मिळून लिंपतो, आणि लिंपण्याआधी चिंबोऱ्यांची बिळे शोधतो. श्रोतेहो, तुमच्या गावात कोणाचा बांध फुटला, तर आधी तो खणून पाहा.