भट्टीआधीची काटकसर : बिडाचे ओतकाम आणि ड्रॉइंग

महोत्सवी स्मरणिकेसाठी उद्योगधंद्यांविषयी काही लिहावे, अशी संपादक-मंडळाची सूचना आली, तेव्हा विषय शोधण्यास आम्हांस फार लांब जावे लागले नाही. बेळगावात उद्यमबाग आणि मच्छे या भागांतील फौंड्र्यांवर आपल्या ट्रस्टच्या कित्येक घरांची चूल पेटते. ‘शाश्वत उत्पादन’ हा शब्द हल्ली भाषणांतून फार ऐकू येतो. चार झाडे लावणे आणि नको असलेले दिवे मालवणे, एवढाच त्याचा अर्थ पुष्कळांच्या मनात असतो. वास्तविक कारखान्यात काय वाया जाणार आणि काय वाचणार, हे बरेचसे भट्टी पेटण्यापूर्वीच, वस्तूच्या ड्रॉइंगवर ठरून गेलेले असते. ते कसे, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

बीड म्हणजे ओतीव लोखंड. त्याची या गावाशी ओळख जुनी. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली आपले सायकलींचे दुकान येथेच काढले, लोखंडी नांगराचा उद्योगही येथेच सुरू केला, आणि १९१० साली तो किर्लोस्करवाडीस नेला. लोखंडी नांगराचा फाळ झिजला की तेवढाच बदलता येतो, सगळा नांगर भंगारात घालावा लागत नाही. झिजणारा भाग वेगळा ठेवावा, ही युक्ती आज ‘शाश्वत’ या नावाखाली शिकवितात; शेतकऱ्याला ती फार पूर्वीपासून ठाऊक आहे.

आता प्रत्यक्ष ओतकामाकडे वळू. पॅटर्न वाळूत दाबून साचा करतात आणि त्यात वितळलेला रस ओततात. (या ओल्या वाळूला इंग्रजीतून आलेले नाव ‘ग्रीन सँड’ असे आहे, पण ती दिसते काळी, तेथे ‘ग्रीन’ म्हणजे न भाजलेली.) बीड सुमारे १,१५० ते १,२०० अंश सेंटिग्रेडला वितळते; साच्याचा कानाकोपरा भरावा म्हणून रस त्याहून बराच तापवून ओततात. तो निवताना आकसतो. जो भाग सर्वांत शेवटी गोठेल त्याला जास्तीचा रस मिळाला नाही, तर पोटात पोकळी राहते आणि माल बाद होतो. म्हणून जाड भागाशेजारी रसाचा एक साठा ठेवतात. त्याला रायझर म्हणतात. रस आत नेणाऱ्या वाटा, म्हणजे रनर, त्या वेगळ्याच. माल निवला की रायझर आणि रनर तोडून पुन्हा भट्टीत टाकतात.

येथे कोणीही विचारील, की लोखंड तर घरातच राहिले, मग नुकसान कसले? नुकसान उष्णतेचे. तेच लोखंड पुन्हा पुन्हा वितळविण्याची वीज कोणी परत देत नाही. एक टन बीड विजेच्या इंडक्शन भट्टीत वितळविण्यास साधारण ६०० युनिट लागतात असे धरू. दहा किलोच्या एका नगासाठी पंधरा किलो रस ओतावा लागत असेल, तर त्या नगामागे नऊ युनिट खर्च होतात. रायझर लहान करून तेच काम सव्वातेरा किलोत भागविता आले, तर खर्च आठ युनिटांवर येतो. नगामागे एक युनिट ऐकण्यास क्षुल्लक वाटते. परंतु दिवसाला हजार नग निघत असतील तर हजार युनिट वाचले, आणि तेही नवे यंत्र विकत न घेता. नवी भट्टी आणण्याची बातमी वर्तमानपत्रात येते. रायझर बारीक केल्याची येत नाही.

रायझर केवढा असावा, हे कशावरून ठरते? १९४० साली निकोलाय ख्वोरिनोव यांनी याचा नियम मांडला. गोठण्यास लागणारा वेळ हा घनफळ भागिले पृष्ठफळ या संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. आमच्या घरचे उदाहरण देतो. ईदेच्या सकाळी खोल पातेल्यातला शिरखुर्मा किती तरी वेळ वाफाळत राहतो, तोच बशीत ओतला की लगेच तोंडी लावता येतो. माल तोच, पण उष्णता बाहेर पडण्यास मिळालेली जागा निराळी. लांबरुंद पाटाची जाडी एक सेंटिमीटरऐवजी दोन केली, तर तो गोठण्यास दुप्पट नव्हे, जवळजवळ चौपट वेळ लागतो.

यातच सारी गोम आहे. ड्रॉइंग करणाऱ्याने दोन भिंतींच्या जोडावर ‘असू द्या मजबुतीला’ म्हणून एक जाड गठ्ठा ठेवला, की तो गठ्ठा सर्वांत शेवटी गोठणार. त्याला रस पुरविण्यासाठी त्याहूनही उशिरा गोठणारा, म्हणजे त्याहून जाड, रायझर हवा. भिंत सर्वत्र सारखी ठेवून मजबुतीसाठी पातळ बरगड्या दिल्या, तर वस्तूही हलकी होते आणि रायझरही. तीच गोष्ट लेथवर कापून काढावयाच्या जास्तीच्या थराची. दोन मिलिमीटरांत भागत असता पाच ठेवले, तर तीन मिलिमीटर लोखंड वितळवून, ओतून, शेवटी त्याचा कीस करावयाचा! असा कारभार घरच्या स्वयंपाकघरात कोणतीही गृहिणी चालू देणार नाही.

पूर्वी हे अंदाज अनुभवी मोल्डर मनाशी बांधीत, आणि चार नग बाद झाल्यावर रायझरची जागा बदलीत. आता साच्यात रस कसा गोठेल हे संगणकावर आधी पाहता येते. मुंबईच्या आय. आय. टी.मधील प्राध्यापक बी. रवी यांनी या कामासाठी ‘ऑटोकास्ट’ ही प्रणाली विकसित केली. संगणकाचेच काम हवे म्हणून आपली मुले पुण्याकडे धावतात, त्यांनी हेही संगणकाचेच काम आहे हे लक्षात घ्यावे. मात्र आमचे मत असे, की ज्याने साचा हाताने कधी भरला नाही, त्याला पडद्यावरचे रंग दिसतील, पण त्यांचा अर्थ लागणार नाही.

वाळूची गोष्ट अधिक गंभीर. पोकळ भागांसाठी राळ मिसळून जे कोअर करतात, त्यांची वापरलेली वाळू ढीग लावून फेकून देण्याची पद्धत फार दिवस चालत आली. ती घासून किंवा भाजून पुन्हा वापरता येते, आणि भाजलेली वाळू साच्यात कमी फुगते, हा वरचा फायदा. पण घासताना दाण्यांची अतिसूक्ष्म धूळ उठते. साचा फोडताना आणि मालाचे ग्राइंडिंग करतानाही ती उठतेच. ही धूळ वर्षानुवर्षे श्वासात गेली तर सिलिकोसिस जडतो. फुप्फुसे कडक होत जातात, आणि एकदा जडल्यावर तो बरा करणारे औषध नाही. तोंडाला बांधलेला रुमाल ही धूळ अडवीत नाही. कोरडा झाडू तर ती पुन्हा उडवितो. धूळ जेथे उठते तेथेच ती शोषून घेणारी यंत्रणा हवी, आणि जमीन झाडावयाची तर ओली करून. वाळू वाचवून कामगाराची छाती खर्ची घालणाऱ्या कारखान्याला आम्ही शाश्वत म्हणणार नाही, मग त्याच्या भिंतीवर कोणतेही प्रमाणपत्र टांगलेले असो.

आणि येथेही ड्रॉइंगचा हात पोहोचतो. बंद पेटीसारखा आकार एका बाजूने उघडा ठेवता आला तर एक कोअर वाचतो. कोअर वाचला की राळ वाचली, भाजावयाची वाळू कमी झाली, आणि जोडाच्या कडा घासण्याचे काम कमी झाले, म्हणजे ग्राइंडरवर उभ्या असलेल्या मुलासमोरची धूळही तितकी कमी.

ट्रस्टच्या शिष्यवृत्तीवर इंजिनीअर होणाऱ्या मुलामुलींपैकी जे यंत्ररचनेकडे जातात, त्यांना सुटीतले दोन महिने एखाद्या फौंड्रीत पाठविण्याची सोय विश्वस्तांनी करावी. पहिला आठवडा त्यांनी ग्राइंडिंगच्या खात्यात काढावा, आणि मास्कसह.