मातीविना बाग आणि वादळाची कसोटी

कोकण किनाऱ्यावरील शहरांत अनेक घरांच्या गच्चीवर आता मातीविना भाजी पिकू लागली आहे. नळ्यांतून पोषक द्रावण वाहते आणि त्यावर लेट्यूस, पालक, पुदिना, तुळस जोमाने वाढतात. या पद्धतीला हायड्रोपोनिक्स म्हणतात. जागा व पाणी कमी लागते आणि भाजी स्वच्छ मिळते, म्हणून ती लोकप्रिय झाली. तथापि तिची खरी परीक्षा वादळात होते.

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आले. वाऱ्याचा वेग ताशी १०० किलोमीटरहून अधिक होता. त्यानंतर रायगड जिल्ह्यातील अनेक गावे कित्येक दिवस अंधारात राहिली. पुढच्याच वर्षी, १७ मे रोजी, ‘तौक्ते’ मुंबईजवळून समुद्रमार्गे पुढे गेले आणि गुजरातच्या किनाऱ्यावर धडकले. दोन्ही प्रसंगी वारा काही तासांत ओसरला. वीज मात्र पुष्कळ ठिकाणी लवकर परतली नाही. हायड्रोपोनिक बागेचा मोठा धोका नेमका येथेच आहे.

माती ही झाडाची शिल्लक ठेव असते. पाणी दोन दिवस मिळाले नाही, तरी मुळे त्या ठेवीवर तग धरतात. नळ्यांतील रोपाला अशी ठेव नसते. त्याच्या मुळांखालून द्रावणाचा पातळ थर वाहत असतो. पंप थांबला, की उन्हात काही तासांतच रोप माना टाकते. खोल टबात मुळे बुडवून ठेवण्याच्या पद्धतीत अधिक अवधी मिळतो. परंतु तेथेही हवेचा पंप बंद पडल्यावर पाण्यातील प्राणवायू घटतो आणि मूळकुज सुरू होऊ शकते.

यास्तव विजेची तजवीज आधी करावी. ४० वॅटचा पंप दर तासाला केवळ १५ मिनिटे चालविला, तर सरासरी वापर १० वॅटच होतो. इन्व्हर्टरचा स्वतःचा खर्च हिशेबात धरूनही घरातील बॅटरी त्यामुळे बराच काळ पुरते. वीज अधिक दिवस जाण्याची शक्यता असल्यास रोपे कुंड्यांसह उचलून घरात बादलीत ठेवावीत. मुळांचा खालचा भाग द्रावणात व वरचा भाग हवेत राहील, इतकीच पातळी ठेवावी. म्हणजे पंपाविना त्यांचा श्वास चालू राहतो.

वाऱ्याचा हिशेब वेगळा आहे. वेग दुप्पट झाला, की दाब चौपट होतो. शेडनेट अशा वेळी शिडासारखी फुगते आणि सांगाडा उखडते. म्हणून ती आधीच उतरवून गुंडाळावी. नळ्या स्टँडवरून काढून भिंतीलगत जमिनीवर बांधून ठेवाव्यात. टाकी मात्र रिकामी करू नये. १०० लिटर पाण्याचे वजन १०० किलो असते. रिकामी टाकी उडते, भरलेली जागीच राहते. अर्थात गच्चीच्या बांधकामाला तो भार पेलतो, याची खात्री टाकी बसवतानाच केलेली असावी.

पावसाचे नुकसान डोळ्यांना दिसत नाही. एका चौरस मीटर उघड्या पृष्ठभागावर १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर १०० लिटर पाणी जमते. ते टाकीत शिरल्यास द्रावण पातळ होते आणि पोषकद्रव्ये वाहून जातात. झाकण घट्ट बांधावे, नळ्यांची छिद्रेही बंद करावीत. वादळ शमल्यावर सामू व ईसी मोजावेत. पालेभाजीसाठी सामू साधारणतः ५.५ ते ६.५ असावा. द्रावण गढूळ अथवा दुर्गंधीयुक्त असल्यास पूर्ण बदलणेच श्रेयस्कर. समुद्राजवळच्या घरांत पानांवर बसलेला खारा थर गोड्या पाण्याने धुवावा.

विजेची जोडणी पाण्यापासून उंच ठेवावी आणि गळती ओळखून प्रवाह तोडणारा स्विच अवश्य बसवावा. वादळ ऐन भरात असताना पंप पाहण्यासाठी कोणीही गच्चीवर जाऊ नये. पालेभाजीचे पीक सुमारे ४० दिवसांत पुन्हा उभे राहते, पंप बाजारात मिळतो. पण वरून सुटलेली नळी रस्त्यावरच्या माणसाला लागली, तर त्याची भरपाई कोणत्याच वहीत मांडता येत नाही. प्रथम माणसे, मग वीज, नंतर उपकरणे आणि शेवटी पीक, हा क्रम घरातील प्रत्येकास ठाऊक असावा.

अरबी समुद्रातील चक्रीवादळे बहुधा मे-जूनमध्ये आणि पुन्हा ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात येतात. चातुर्मासात पालेभाजी वर्ज्य करणाऱ्या घरांनी उन्हाळ्यातील शेवटची लावणी अशा बेताने करावी, की मे महिन्याच्या मध्यापर्यंत काढणी पूर्ण होईल. त्यानंतर नळ्या धुऊन, वाळवून आत ठेवता येतात. उरलेल्यांनी हवामान खात्याचा नारिंगी इशारा येताच तयार भाजी काढून घ्यावी आणि शेजाऱ्यांत वाटावी. लाल इशाऱ्यापर्यंत थांबल्यास हातात वेळ उरत नाही.