अपडेटनंतर कॉम्प्युटर बंद पडला? लगेच ‘फॉरमॅट’ मारू नका

बुटीबोरी : रात्री चांगला बंद केलेला कॉम्प्युटर सकाळी चालू केला, तर निळी स्क्रीन. आपोआप बंद होतो, पुन्हा चालू होतो, पुन्हा निळी स्क्रीन. दुकानात नेला की बहुतेकदा एकच उत्तर मिळते, ‘फॉरमॅट मारावं लागते.’ मशीन चालू होते, पण डेस्कटॉपवर ठेवलेले सातबाऱ्याचे स्कॅन, पोरीच्या अ‍ॅडमिशनचे कागद, लग्नाचे फोटो गेलेले असतात.

अशा वेळी दोष व्हायरसचाच असतो असे नाही. कधी कधी राखणीला ठेवलेल्या अँटिव्हायरसचेच अपडेट चुकीचे निघते.

१९ जुलै २०२४ ची गोष्ट अनेकांना आठवत असेल. मुंबई, दिल्ली, बंगळुरूच्या विमानतळांवर कॉम्प्युटर बंद पडले, प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. कारण होते क्राऊडस्ट्राइक या अमेरिकन कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरचे अपडेट. आपल्याकडच्या सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी ते सुटले. नव्या फाईलने २१ वी माहिती तपासायला सांगितली, प्रोग्रामच्या हाती होत्या २० च. म्हणजे थप्पीत पोती २० आणि पावतीवर लिहिले २१ वे उचला. हे सॉफ्टवेअर विंडोजच्या अगदी गाभ्यात चालते, त्यामुळे ते अडखळले तसे अख्खे मशीन पडले. ७८ मिनिटांत अपडेट मागे घेतले, तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख कॉम्प्युटर बसले होते. ते सॉफ्टवेअर मोठ्या कंपन्या वापरतात, म्हणून घरचे कॉम्प्युटर वाचले. पण घरच्या अँटिव्हायरसचेही असे होऊ शकते. २०१० च्या एप्रिलमध्ये मॅकअ‍ॅफीने विंडोज एक्सपीची स्वतःची गरजेची फाईलच व्हायरस समजून उचलली होती.

महत्त्वाचे हे, की १९ जुलैला बंद पडलेल्या मशीनमधला डेटा जागेवरच होता. सेफ मोडमध्ये जाऊन एक खराब फाईल काढली की काम झाले. घरीही तोच रस्ता आहे. विंडोज १० किंवा ११ असेल तर चालू होताना पॉवर बटण दाबून धरून बंद करा. असे दोन-तीनदा केले की दुरुस्तीची स्क्रीन येते. तिथे ‘ट्रबलशूट’, मग ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’. आधी ‘सिस्टम रिस्टोर’ करून पाहा, त्याने मशीन अपडेटच्या आधीच्या तारखेवर जाते, फोटो-कागद जात नाहीत. जुनी तारीखच दिसत नसेल तर ‘स्टार्टअप सेटिंग्ज’मध्ये जाऊन रिस्टार्ट करा आणि ४ दाबा. सेफ मोडमध्ये मशीन उघडले की आधी कागद पेन ड्राइव्हवर घ्या, मग अँटिव्हायरस काढा. सेफ मोडमध्ये तो निघत नसेल, तर त्याच कंपनीचे काढून टाकायचे टूल दुसऱ्या कॉम्प्युटरवरून आणावे लागते. अँटिव्हायरस निघाल्यावर विंडोजचा स्वतःचा डिफेंडर राखण करतो.

नव्या लॅपटॉपवर एक अडचण येते. मधेच ४८ आकडी ‘रिकव्हरी की’ मागितली जाते. घाबरू नका. लॅपटॉप घेताना ज्या ईमेलने मायक्रोसॉफ्टचे खाते उघडले, त्यात मोबाईलवरून लॉगिन केले की ती सापडते. दुकानदाराने स्वतःच्या ईमेलने खाते उघडून दिले असेल तर मात्र त्याच्याकडेच जावे लागेल. मशीन चांगले आहे तोवरच ती वहीत उतरवून ठेवलेली बरी.

गुगलवर ‘कस्टमर केअर’ शोधून सापडेल त्या नंबरला फोन लावू नका. क्राऊडस्ट्राइकच्या वेळी दुरुस्ती करून देतो म्हणणाऱ्या ठगांबाबत सरकारच्या सर्ट-इन संस्थेला इशारा द्यावा लागला होता. एनीडेस्क टाका, ओटीपी सांगा असे कोणी म्हटले तर फोन ठेवा. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर तक्रार करा.

एवढे करूनही जमले नाही तर दुकानात न्या, पण आधी सांगा, ‘हार्डडिस्क दुसऱ्या मशीनला लावून डेटा काढून द्या, मग फॉरमॅट मारा.’