सफारीआधीची लस

केनियाची सफारी ठरली की कॅमेरा, दुर्बीण, टोप्या यांची खरेदी आधी होते आणि येलो फीव्हरची लस शेवटच्या आठवड्यावर ढकलली जाते. ‘प्रवासाला लागणारा एक कागद’ एवढीच तिची किंमत अनेकांच्या लेखी असते. मला हा समज सर्वांत घातक वाटतो.

२०१६ साली अंगोलात या तापाची मोठी साथ आली. तिथून ११ चिनी नागरिक हा आजार घेऊन मायदेशी परतले. आशियात या तापाचे रुग्ण सापडल्याची ती पहिलीच नोंद. भारतात हा आजार नाही, पण तो पसरवणारा एडिस इजिप्ती डास आपल्या कुंड्यांत आणि पिंपांत सुखाने वाढतो. डेंगीही तोच पसरवतो. म्हणून केनियासारख्या बाधित देशातून येणाऱ्या प्रवाशाकडे वैध प्रमाणपत्र नसेल, तर विमानतळावरचे आरोग्य अधिकारी त्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. भारतीय पासपोर्ट असला तरी यातून सुटका नाही.

‘निघायच्या आदल्या दिवशी टोचून घेऊ,’ असंही सर्रास ऐकू येतं. प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी वैध होतं, कारण संरक्षण तयार व्हायला तेवढा वेळ लागतो. शिवाय ही लस नेहमीच्या दवाखान्यात चालत नाही. सरकारमान्य केंद्रावरच घ्यावी लागते, आणि तिथे वेळ आधी ठरवावी लागते.

दर दहा वर्षांनी पुन्हा टोचायचा नियम मात्र गेला. ११ जुलै २०१६ पासून एका डोसचं प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं, जुनं कार्डसुद्धा. ते जपून ठेवा.

‘ताप आलाच तर औषध घेऊ,’ म्हणणाऱ्यांना एवढंच सांगायचं, की या विषाणूवर खास औषध नाही. बहुतेक रुग्ण काही दिवसांत बरे होतात. काहींना मात्र जरा बरं वाटून पुन्हा ताप चढतो, यकृत आणि मूत्रपिंडं निकामी होऊ लागतात, कावीळ आणि रक्तस्राव होतो. या दुसऱ्या टप्प्यात गेलेल्यांपैकी जवळपास निम्मे दगावतात. कावीळ होत असली तरी हिपॅटायटिसची लस इथे उपयोगाची नाही. तो विषाणूच वेगळा.

तरीही लस सरसकट सगळ्यांना देत नाहीत. तिच्यात जिवंत, पण दुर्बल केलेला विषाणू असतो. सहा महिन्यांखालची बाळं, अंड्याची तीव्र ॲलर्जी असलेले आणि प्रतिकारशक्ती खूप कमी झालेले यांना ती देत नाहीत. गरोदर स्त्रियांनी आणि पहिल्यांदाच लस घेणाऱ्या साठीपुढच्या आजी-आजोबांनी डॉक्टरांशी नीट बोलूनच ठरवावं. लस देता येत नसेल तर तसं पत्र मिळतं, पण ते मान्य करायचं की नाही हे त्या त्या देशाच्या हाती असतं.

लस घेतली तरी डासांपासून सांभाळावंच लागतं, कारण तिथे मलेरियाही आहे आणि त्याच्या गोळ्या वेगळ्या. एडिस दिवसा चावतो, मलेरियाचा डास रात्री. परतल्यावर ताप आलाच, तर डॉक्टरांना पहिल्यांदा सांगा की तुम्ही कुठल्या देशातून आला आहात.